सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या आमच्या जिजी

सुवेळा

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या. वय ८१. घरीदारी सगळे त्यांना जिजी म्हणायचे; मुलं, सुना, नातवंडं, दूधवाले काका, सोसायटीचा वॉचमनसुद्धा. भेटायला येणाऱ्यांची आठवडाभर रीघ लागली होती आणि जो तो एकच सांगत होता, "काय बेधडक बाई हो!" कुणी त्यांना पदर खोचून सिंहगड चढताना पाहिलं होतं, कुणी रात्रपाळी संपवून पहाटे लूनावरून एकट्या घरी येताना. ऐकून बरं वाटत होतं. पण तीस वर्षं एका घरात काढल्यावर मला ते चित्र फार अपुरं वाटतं. जिजींइतकं सावध माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्या सावधपणामुळेच त्यांना इतकं सगळं करता आलं. हे कुठेतरी नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

माहेर शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळ. सासर सदाशिव पेठेत. १९६४ साली त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या. तो ट्रंक कॉलचा काळ. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल बुक व्हायचे आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या या बायका ते जोडून द्यायच्या. कामाच्या पाळ्या असायच्या. रात्रपाळीनंतर मिळणाऱ्या सुट्ट्यांमधून जिजींनी आपले डोंगर काढले. ६६ ला लग्न, ६८ ला मुलगा (म्हणजे आमचे हे), ७१ ला मुलगी. नोकरी, घरात सासूबाई, दीर-नणंदांची लग्नकार्यं, पाहुणेरावळे. यातलं काहीही त्यांनी टाळलं नाही.

स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून एक खिळा होता. गडावर जायच्या आदल्या रात्री त्या खिळ्याला चिठ्ठी लागायची. पाठकोऱ्या कागदावर, शाईच्या पेनानं. त्या गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला. त्यातली एक जशीच्या तशी देते:

"राजगड. वेल्ह्याची पहिली यष्टी. मार्गासनीला उतरून गुंजवण्यापर्यंत चालत. ऑफिसच्या तिघी आणि एकीचा भाऊ. चोरदरवाजाने वर, त्याच वाटेने खाली. मुक्काम पद्मावतीच्या देवळात. रविवारी शेवटच्या यष्टीने परत. रात्री दहापर्यंत न आल्यास काळजी करू नये, यष्टी चुकली असेल. सोमवारी सकाळी दहापर्यंत न आल्यास करावी. मुलांची दुधाची कुपनं डब्याखाली."

आणि खाली अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या अक्षरात "वाचले" आणि सही.

अप्पांना दमा होता. ते कधी गड चढले नाहीत. पण प्रत्येक चिठ्ठी ते बारकाईने वाचायचे, शंका विचारायचे, मुक्कामाला पाणी कुठलं, हा भाऊ पूर्वी गेलाय का, उतरताना अंधार झाला तर काय. जिजी तिथेच उभ्या राहून उत्तरं द्यायच्या. सगळं पटलं की सही. फोन नाहीत, रस्ते नाहीत, अशा काळात त्या दोघांनी आपापसात बसवलेली ही पद्धत होती. अप्पा गेल्यानंतर सहीचं काम माझ्याकडे आलं. पुढे मोबाइल आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, तरी चिठ्ठी चालूच राहिली. "रेंज गेली की तुमचा मोबाइल गप्प बसतो. कागद बोलत राहतो," म्हणायच्या.

त्यांची सॅक माझ्या डोळ्यांसमोर आहे. जुनी खाकी हॅवरसॅक, एका बंदाला हाताने मारलेले टाके. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत रबराने गुंडाळलेली काडेपेटी. मेणबत्ती. टॉर्च, आणि त्याचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवलेले, म्हणजे चुकून बटण दाबलं जाऊन ते उतरायला नकोत. हळदीची पुडी, सुई-दोरा, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी, सुती दोराची वेटोळी, पितळी शिट्टी. पुरचुंडी कुणालाही, अगदी नातवंडांनाही, गड उतरून खाली गावात येईपर्यंत मिळायची नाही. ती अडचणीसाठी.

माझं लग्न १९९५ चं. मी सोलापूरची, डोंगर पाहिलेला तो यष्टीच्या खिडकीतून. पहिल्या दिवाळीनंतर जिजी मला राजगडावर घेऊन गेल्या. चोरदरवाजाच्या खाली कातळाचा उभा टप्पा आहे, तिथे माझे हात थरथरायला लागले. पुढचे सगळे वर पोचले होते. जिजी माझ्या मागे, दोन हात खाली. आवाज न चढवता म्हणाल्या, "तू फक्त पाय कुठे ठेवायचा तेवढं बघ. दरी कुठे आहे ते मी बघते." मग शिकवलं, दोन हात आणि दोन पाय, यातले तीन पक्के झाल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. मी वर गेले. आणि वर गेल्यावर त्यांनी मला शाबासकी न देता पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीपाशी नेलं आणि शांतपणे सांगितलं, "राजांच्या राणीसाहेब इथे राहिल्या, इथेच गेल्या, १६५९ साली. गड काही फक्त पुरुषांचे नव्हते."

त्या नेहमी सगळ्यांच्या मागून चालायच्या. सगळ्यात अनुभवी असूनही. पुढे कोण पोचलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. शेवटच्या माणसाची पावलं त्या बघत असायच्या, आणि कोण लंगडतंय, कोण बोलायचं थांबलंय, कुणाचं पाणी संपलंय ते त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं.

एकदा तोरण्याहून राजगडला जायचं ठरलं होतं. पावसाळा सरत आलेला. ऑफिसची मंडळी, बरोबर माझा नवरा आणि नणंद, दोघंही शाळकरी. बुधला माचीच्या अलीकडे धुकं असं उतरलं की चार हातांवरचं दिसेना. सगळे म्हणाले थांबू, निवळेल. जिजींनी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "फिरा मागे." बरीच नाराजी झाली. एकजण परतीच्या वाटेवर बोललाच नाही त्यांच्याशी. पण पुढच्या डिसेंबरात तीच मंडळी, तीच वाट, लख्ख ऊन. आमचे हे अजूनही सांगतात, त्या दिवशी आई मागे फिरली म्हणून मी आयुष्यभर तिच्याबरोबर कुठेही गेलो.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात टेलिफोन खात्यात असेल, किंवा त्यांना कुठे भेटलं असेल, तर जरूर लिहा. घरी सगळे वाचणार आहेत.

---

डोंगरवेडा

जिजींना विनम्र श्रद्धांजली. फार आतून लिहिलंय.

मागून चालण्याबद्दल. आज आम्ही पोरांना घेऊन जातो तेव्हा हेच शिकवतो, पुढचा वाट दाखवतो आणि मागचा सगळ्यांना घरी आणतो. दोघांच्या मधे कुणी सुटता कामा नये. दर थांब्यावर मोजणी. हे आम्ही शिबिरांत शिकलो. तुमच्या जिजी १९७० च्या आसपास कुठल्याही शिबिराशिवाय ते करत होत्या. आणि चिठ्ठीला तर दंडवत. सह्याद्रीत दरवर्षी जे शोधकार्य करावं लागतं त्यात अर्धा वेळ माणूस नेमका कुठल्या वाटेने गेला हे शोधण्यातच जातो.

---

पल्लवी_प

वाचताना घसा दाटून आला. "दरी कुठे आहे ते मी बघते." बास.

---

कावेरी_कोथरूड

सुवेळा, थोडं विचारते. त्या ठेंगण्या, जाड काड्यांचा चष्मा, आणि लूनाच्या पुढच्या जागेत कायम कापडी पिशवी? असं असेल तर त्यांनी माझ्या आईला लूना शिकवली!

आई पण टेलिफोनमध्ये होती, जिजींच्या दोन-तीन वर्षं मागे. रात्रपाळी संपली की बस मिळेपर्यंत ताटकळायचं, नाहीतर वडिलांनी सायकलवर न्यायला यायचं. जिजींनी लूना घेतल्यावर (आईच्या आठवणीप्रमाणे ७४-७५. आपल्या पुण्यातच कायनेटिकने १९७२ ला ती काढली होती) त्यांनी ऑफिसच्या बायकांना एकेक करून शिकवायला सुरुवात केली. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात. आई सांगते, पहिले दोन रविवार इंजिन चालूच करू दिलं नाही. नुसती पायडल मारत सायकलसारखी फिरवायची, ब्रेक लावायचे, पाय टेकायचे. ऑइल-पेट्रोलचं मिश्रण कसं करायचं, प्लग काळा पडला की काढून कसा पुसायचा, हे सगळं आधी. मग म्हणाल्या, "आता बंद पडली तरी तू हिला घरी नेशील. मग चालू कर."

आईने रिटायर होईपर्यंत कुणाला न्यायला बोलावलं नाही. आत्ता तिला फोन करून सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, प्लग पुसायला तिने मला तिचा रुमाल दिला होता.

---

सुवेळा

कावेरी, त्याच! जाड काड्यांचा चष्मा आणि कापडी पिशवी. पिशवीत पाना आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी असायची. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जिजी घरी कधी बोलल्या नाहीत.

---

पेठेतला

सुरेख लेख. एक मात्र मांडतो, राग मानू नका. अशा आठवणी वाचताना मला नेहमी वाटतं की यात घरच्यांच्या मोकळेपणाचा वाटा मोठा असतो. त्या काळात नवरा सही करणारा, सासू सांभाळून घेणारी, हे कितीजणींच्या वाट्याला आलं? माझी आत्या जिजींच्याच वयाची. बुद्धी होती, हिंमत होती, घरातून पाऊल बाहेर टाकता आलं नाही. त्यामुळे जिजींच्या कौतुकाबरोबर त्यांच्या घराचंही करायला हवं.

---

सुवेळा

पेठेतला, राग कशाला. तुमच्या आत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि अशा आत्या घरोघरी होत्या हेही खरं. पण आमच्या घरात जिजींना काही आयतं मिळालेलं नव्हतं, तेवढं सांगते.

आजेसासूबाईंचा सुरुवातीची कितीतरी वर्षं कडक विरोध होता. सुनेने नोकरी करावी हे त्यांनी पगारासाठी मान्य केलं. पण डोंगरात? चारचौघांबरोबर? "लोक काय म्हणतील" पासून "तुझी मुलं कोण बघणार" पर्यंत सगळं झालं. जिजी भांडल्या नाहीत आणि थांबल्याही नाहीत. पहाटे तीनला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक झाकून ठेवायचा, सासूबाईंच्या पूजेचं ताम्हन घासून, फुलं आणून ठेवायची, मुलांचे कपडे काढून ठेवायचे, आणि पाचच्या यष्टीला हजर. सोमवारी पुन्हा ड्युटीवर. कसं केलं असेल याचा विचार करते तेव्हा मला गडांपेक्षा तो पहाटेचा स्वयंपाक जास्त कठीण वाटतो. आणि हेही ठामपणे म्हणते की तो त्यांना करावा लागायला नको होता. अप्पा सही करायचे, पण पोळ्या करायचे नाहीत. त्या काळचे चांगले नवरेही इतकेच चांगले होते.

मुलं मोठी होत गेली तशी जिजी त्यांना बरोबर न्यायला लागल्या, आणि आल्यावर सासूबाईंच्या खाटेवर बसून मुलं सगळं सांगायची. तळ्यातलं पाणी, माकडं, बालेकिल्ल्याच्या पायऱ्या. आजी ऐकायची. कित्येक वर्षं ऐकत होती. १९९६ ला रायगडाचा रोपवे सुरू झाला. पेपरात फोटो आला तो आजींनी घडी घालून पोथीत ठेवला आणि चार दिवसांनी जिजींना म्हणाल्या, "मला नेशील का गं?"

आजी तेव्हा ८४ वर्षांच्या. नऊवारी, हातात काठी. मी त्या गाडीत होते. रोपवेच्या डब्यात बसल्यावर आजींनी जिजींचा हात जो धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. चार-पाच मिनिटांचा तो प्रवास. वर होळीच्या माळावर खुर्ची टाकून बसवलं. त्यांना हिरकणी बुरूज कुठला ते बघायचं होतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेली गवळण. जिजींनी बोट करून दिशा दाखवली. आजी म्हणाल्या, "आणि मी तुला विचारत होते, मुलं कोण बघणार."

एवढंच. माफी वगैरे त्या पिढीत मागत नसत. पण त्यानंतर जिजी डोंगरात गेल्या की पूजेची फुलं आजी स्वतः आणायच्या.

---

पेठेतला

मनापासून धन्यवाद. हे आत्याला वाचून दाखवतो.

---

रानवारा

माहेर ओंकारेश्वराजवळ म्हणालात, म्हणजे पानशेतच्या पुरात घर गेलं असणार. त्याबद्दल काही बोलायच्या का? माझे आजोबा नारायण पेठेतले, ते मरेपर्यंत त्या विषयावर गप्प होते.

---

सुवेळा

रानवारा, जिजीही फार बोलायच्या नाहीत. पण परवा तेराव्याला मामा, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, बोलले. त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

१२ जुलै १९६१. जिजी तेव्हा हुजूरपागेत, सतरा वर्षांच्या. मामा नऊ वर्षांचे, मधे आणखी एक बहीण आणि एक भाऊ. पानशेतचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं आणि पाऊस कोसळत होता. जवान आदली रात्रभर धरणावर वाळूची पोती टाकत होते. त्यांनी धरण दिवस उजाडेपर्यंत धरून ठेवलं म्हणून पुण्यातली कितीतरी माणसं वाचली. ते रात्रीच फुटलं असतं तर नदीकाठच्या पेठा झोपेत गेल्या असत्या. सकाळी शहरात बातमी पसरली, पण खरं-खोटं कुणालाच कळेना. दुकानं उघडली होती, शाळा भरल्या होत्या.

जिजींचे वडील दौंडला कामाला गेलेले. आई आणि आजी म्हणत होत्या, पाणी फार तर पायरीला लागेल, दरवर्षी लागतं. जिजी शाळेतून परत आल्या, ओंकारेश्वराच्या घाटाकडे जाऊन पाणी बघून आल्या आणि म्हणाल्या, निघायचं. आत्ता. पाळण्याची दोरी सोडली आणि चारही भावंडांनी आणि आईने ती धरायची असं ठरवलं. आजी मधे. दागिन्यांची पेटी आईने घेतली. जिजींनी एका हातात पिण्याच्या पाण्याची कळशी घेतली. मामा म्हणाले, "सगळीकडे पाणीच पाणी येणार आणि ही बाई कळशी घेऊन निघालीय, म्हणून शेजारचे हसले होते." आणि दोरीच्या शेवटच्या टोकाला जिजी.

पर्वतीवर गेले. सगळं पुणं त्या बाजूला पळत होतं. १०३ पायऱ्या आजीला दोघींनी मिळून चढवल्या. वरून त्यांनी पाहिलं. मामांनी एवढंच सांगितलं की लकडी पूल दिसेनासा झाला आणि आईने त्यांचे डोळे झाकले. दुपारी खडकवासला धरणही गेलं, आणि त्याबरोबर शहराला पाणी पुरवणारं धरणच राहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस वाड्यांमधल्या जुन्या विहिरींवर पुणं जगलं. कळशी घेऊन का निघाली ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

वाडा पडला. नंतर सहकारनगरला त्यांना जागा मिळाली आणि मामा अजून तिथेच राहतात.

जिजी पोहायला शिकल्या होत्या त्या त्याच वाड्यातल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. त्या दिवशी पोहता येत असूनही पाण्यात उतरून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या डोंगराकडे निघाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मागून चालायची सवय कुठून आली.

---

रानवारा

काय बोलू. आजोबांचं गप्प बसणं आज थोडं समजलं.

---

डोंगरवेडा

हिमालयात कधी गेल्या होत्या का? अशी माणसं सह्याद्रीवर थांबत नाहीत.

---

सुवेळा

गेल्या होत्या, बऱ्याचदा, युवा वसतिगृहांच्या ट्रेकना. मोठी म्हणजे कैलास-मानसरोवर. ती यात्रा १९८१ पासून पुन्हा सुरू झाली होती. जिजींचं नाव ८८ साली निघालं. दिल्लीत वैद्यकीय तपासणी, मग कुमाऊंमधून चालत, गुंजीवरून लिपुलेख खिंड. मी तेव्हा या घरात नव्हते, पण चिठ्ठ्यांच्या डब्यात त्यांची छोटी वही मिळालीय. बहुतेक पानांवर फक्त वेळा, अंतरं आणि काय खाल्लं.

कैलासाच्या परिक्रमेत सगळ्यात उंच जागा म्हणजे डोलमा खिंड, साडेपाच हजार मीटरच्या वर. त्याच्या आदल्या मुक्कामी बरोबरच्या एका बाईंना श्वास लागेना, डोकं प्रचंड दुखू लागलं, बोलणं अडखळायला लागलं. उंचीच्या आजारात औषध एकच, खाली उतरणं, आणि ते लगेच. कुणीतरी बरोबर जायला हवं होतं. वहीत त्या दिवशी लिहिलंय: "पहाटे निघालो, खाली. बाई दुपारनंतर नीट बोलू लागल्या. वरण-भात."

परिक्रमा अर्धी राहिली. पुन्हा जायचा योग आला नाही. आमच्याकडे कुणी हळहळ व्यक्त केली तर जिजींना खरंच कळायचं नाही हळहळ कशाबद्दल. त्या बाई नागपूरच्या, पुढे दर दिवाळीला त्यांच्याकडून संत्र्याची बर्फी यायची. जिजी गेल्याचं कळवल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला होता.

---

नातजिजीची

आई, मी खातं उघडलं! सगळ्यांना नमस्कार, मी नात.

मी लिहायलाच हवं असं काहीतरी आहे. मी नववीत असताना आजीबरोबर कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक केला. जुन्या बोगद्यापासून सुरू होतो, एकामागून एक टेकड्या, चढ-उतार संपतच नाहीत, दूर सिंहगडाच्या टॉवरचा लाल दिवा दिसत राहतो आणि जवळ येतच नाही. आजी तेव्हा साठी कधीच ओलांडलेली. मध्यरात्रीनंतर मी बसले आणि रडायला लागले की मला जमणार नाही. आजी शेजारी बसली. टॉर्च बंद केला. म्हणाली, "रड. घाई नाही." किती वेळ गेला माहीत नाही. मग म्हणाली, "आता तो लाल दिवा बघू नकोस. ही एक टेकडी बघ. हिच्यावर जाऊन ठरवू." प्रत्येक टेकडीवर ती खरोखर विचारायची, "काय ठरलं?" आणि मी परत म्हणाले असते तर ती परतली असती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी म्हणाले नाही.

सगळे म्हणतात ती धाडसी होती. मला ती आठवते ती माझ्याशी कधीही खोटं न बोलणारी म्हणून. "थोडंच राहिलं" असं ती कधी म्हणाली नाही. जेवढं राहिलं तेवढं सांगायची.

मी आता बंगलोरला असते. शेवटच्या वेळी भेटले तेव्हा तिने मला फक्त विचारलं, तिथे तुझी चिठ्ठी कुणाकडे असते? मी माझ्या रूममेटचं नाव सांगितलं. ती खूश झाली.

---

पल्लवी_प

नातजिजीची, आईचं लेखनही तुझ्याकडे आलंय.

---

अनुबंध

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. त्यांनी नेत्रदान किंवा देहदान केलं होतं का? माझ्या आईची इच्छा आहे आणि आम्हाला नेमकं काय करायचं ते माहीत नाही. या वयात डोळे चालतात का?

---

सुवेळा

अनुबंध, वेगळा विषय मुळीच नाही. जिजींनी दोन्ही केलं. आणि त्याचीही चिठ्ठी होती, फडताळाच्या दारालाच. नेत्रपेढीचा नंबर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा नंबर, फॅमिली डॉक्टरांचा नंबर, कुणी कुणाला फोन करायचा.

आमचा अनुभव सांगते. डोळे चालतात. जिजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, चष्मा तर होताच. नेत्रदानात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, कामी येतो, त्यामुळे वय, चष्मा, मधुमेह, मोतीबिंदू यांची अडचण येत नाही. वेळ मात्र महत्त्वाची, साधारण सहा तासांच्या आत. नेत्रपेढीची माणसं घरी येतात. ती येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी घेऊन डोकं जरा उंच ठेवायचं, पंखा बंद करायचा. फॉर्म आधी भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात.

देहदानाचा फॉर्म जिवंतपणी भरून ठेवलेला बरा. मृत्यू घरी झाला तर डॉक्टरांचा दाखला लागतो. शवविच्छेदन करावं लागलं, किंवा काही संसर्गजन्य आजार असला, तर देह स्वीकारत नाहीत. नेत्रदान करून देहदान करता येतं. सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या सगळ्यांना आधी माहीत हवं. ऐनवेळी एकाने जरी विरोध केला तरी सगळं अडतं. जिजींनी त्यासाठी दिवाळीत सगळे जमलेले असताना विषय काढला होता, मामांना ते पटायला दोन दिवाळ्या लागल्या.

त्या रात्री झोपेतच गेल्या. पहाटे पाचला कळलं. रडायचं नंतर, आधी चिठ्ठी काढली आणि फोन लावले. नेत्रपेढीचे लोक सातच्या आत घरी होते.

---

अनुबंध

खूप आभार. आईशी आज बोलते, भावालाही बसवते.

---

कावेरी_कोथरूड

सुवेळा, आईने हा सगळा धागा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. ती आता ७८ ची आहे, गुडघे दुखतात पण रोज टेकडीवर पाऊण तास चालते. म्हणते, जिजींच्या घरच्यांबरोबर एकदा सिंहगडावर जायचंय. झेपेल का? पायवाटेने नको म्हणते मी.

---

सुवेळा

कावेरी, नक्की झेपेल, आणि आम्हाला फार आवडेल. आतकरवाडीची पायवाट नको, तुमचं बरोबर आहे. चढणं एकवेळ जमतं, उतरताना गुडघे बोलतात. गाडीने घाटरस्त्याने वर जाऊ. वाहनतळापासून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत, त्या सावकाश, मधे बसत. आत गेल्यावर देवटाक्यापर्यंत हळूहळू जाता येतं. तिथलं पाणी जिजी पुण्यात घरी भरून आणायच्या. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत जायचं की नाही ते आईंनी तिथे ठरवायचं.

शनिवार-रविवार नको, गाड्यांची रांग घाटाच्या पायथ्याशी लागते. मधला वार घेऊ, सकाळी सहाला निघू म्हणजे दहा-साडेदहाला खाली. पाऊस लांबला तर पुढे ढकलू, घाटात दरडी येतात. आईंना काठी, मोज्यांसकट बूट, आणि नेहमीच्या गोळ्या बरोबर. नातजिजीची दसऱ्याला येतेय, ती म्हणते मी सगळ्यांच्या मागे चालणार, ते तिनेच ठरवलंय.

मामाही येणार आहेत. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही वरच घेऊ, तिथल्या एका मावशींना आदल्या दिवशी फोन करून ठेवला की चुलीवर ताजं करून देतात. आईंना कोणता वार सोयीचा ते विचारून कळवा, म्हणजे भाकरी किती सांगायच्या ते ठरवते.